शेवंतीला हवा असलेला अंधार

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी माझी पत्नी वारली. त्या दिवसापासून तिच्या खोलीतला दिवा मी बंद केला नाही. खिडकीशी तिने लावलेल्या शेवंतीच्या चार कुंड्या होत्या. नोव्हेंबर संपत आला तरी एकाही झाडाने कळी धरली नव्हती. वर्षश्राद्धाला तिच्याच झाडांची फुलं असावीत, एवढंच मला हवं होतं.

उजेड कमी पडत असेल असं वाटून, एक कुंडी घेऊन मी ब्रिस्टलमधल्या एका दुकानात गेलो. घरात झाडं वाढवण्याचे दिवे तिथे मिळत. दुकानदार साठीचा, केसांची शेपटी बांधलेला, आणि इथल्या रीतीने कुणालाही ‘माय लव्हर’ म्हणणारा.

“टोमॅटो ना, माय लव्हर?” त्याने डोळा मारला. “गांजा लावणारे सगळे मला टोमॅटोच सांगतात.”

“नाही हो, शेवंती आहे. कळीच धरत नाही.”

त्याने लहान मुलाच्या कानाची पाळी धरावी तसं पान दोन बोटांत धरलं आणि खो खो हसला. “अरे, खरंच की! तक्रार मात्र त्यांचीच, फूल येत नाही. रात्री दिवा चालू असतो?”

मी कारण सांगितलं. तो बाहीने पानावरची धूळ पुसत राहिला.

“मोठा दिवा मी तुम्हाला विकणार नाही,” तो हळूच म्हणाला. “रात्रीचा उजेड पाहून झाडाला अजून उन्हाळाच वाटतोय. दिवस लहान झालेत, हे त्याला कळू द्या.”

त्या संध्याकाळी मी दिवा बंद केला. वर्षश्राद्धाला नऊ फुलं निघाली. तो माणूस पुन्हा भेटला नाही.

आता घरात चार कुंड्या आहेत आणि मी आहे.