विहीणबाईंचे एका पेशीचे पाहुणे

पाहुण्यांचं कौतुक सगळ्याच बायकांना असतं, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या पाहुण्यांचं कौतुक असलेली बाई अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच, आमच्या विहीणबाई. दौंडच्या एका दवाखान्यात त्यांनी उभा जन्म काचपट्टीवरचं रक्त तपासलं, हिवतापाचे जंतू शोधले. रिटायर झाल्या तेव्हा साहेबांनी विचारलं, काय भेट देऊ, तर यांनी भंगारात निघालेला जुना मायक्रोस्कोप मागून घेतला. इतर आज्या नातवंडांचे फोटो दाखवतात, या जंतू दाखवतात.

मुलाच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही शिरूरहून त्यांच्याकडे गेलो, तेव्हाचीच गोष्ट. आमच्या ह्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला तशा त्या म्हणाल्या, "बिनधास्त प्या, उकळलेलं हाय. न्हाईतर त्यो आमांशाचा अमिबा बघा, तोंड न्हाई, पण भूक केवढी. घास दिसला की अंगच पसरून त्याला कवेत घेतो आन् तिथंच पोट तयार करतो. लागंल तिथं पोट." ह्यांचा पेला हवेतच थांबला. माझे दीर माझ्या कानाशी पुटपुटले, "वैनी, पोरगी तरी अशी बोलत न्हाई ना?"

पोरगी तशी बोलत नव्हती. सून म्हणून आली आणि आमच्या घरची झाली. पण तिची आई आली की जेवणाला बसायची सोय नसायची. मी भांडी घासत असले की शेजारी पाट टाकून बसायच्या आणि हिवतापाच्या जंतूचं गुणगान सुरू. तांबड्या पेशीत शिरतो, इवलंसं तोंड उघडून आतला लाल रस गिळतो, आणि पचल्यावर जे उरतं ते विषारी, म्हणून त्याचा खडा करून एका बाजूला ठेवून देतो. "माझ्या लेकीनं एवढं नीट खरकटं कवा काढलं न्हाई," असं वर म्हणायच्या, लेकीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

आधी मला हसू यायचं. मग एकदा गच्चीवर पापड वाळत घालताना त्यांनी सांगितलं, की या जंतूंचे फार फार मागचे पूर्वज शेवाळासारखे होते. स्वतःची हिरवी चूल होती त्यांच्याकडं, या उन्हावरच अन्न शिजवायचे. मग कुणाच्या तरी अंगात आयतं मिळायला लागलं. चूल विझली, हिरवा रंग गेला. "पण चुलीची जागा अजून अंगात हाय, विहीणबाई. ऊन न्हाई, जाळ न्हाई, तरी तिथं काहीबाही रांधतोच. ती जागा मोडली तर मरतो." मी हातातला पापड तसाच धरून उन्हाकडं बघत राहिले. कुठलं ऊन, कुठल्या जन्मीचं, आणि त्याची खूण कुणाच्या तापात. त्या दिवशी निम्मे पापड कावळ्यांनी नेले.

गेल्या उन्हाळ्यात सुनेची गाय तापानं बसली. गाभण, सातवा महिना, वासरापासून हातानं वाढवलेली. गोचिडांचा ताप असावा असं गुरांचे डॉक्टर म्हणाले, पण रक्ताचा रिपोर्ट पुण्याहून यायला तीन दिवस, आणि गायीकडं तेवढे दिवस दिसत नव्हते. सुनेनं आईला फोन केला. दुपारच्या एसटीनं विहीणबाई आल्या, मांडीवर बाळासारखा मायक्रोस्कोप. गायीच्या कानाला सुई टोचून थेंब काचेवर घेतला, रंग दिला, खिडकीशी बसल्या. बराच वेळ चाकी फिरवली. काच पुसली, चष्मा पुसला, पुन्हा वाकल्या.

मग मला म्हणाल्या, "तुम्ही बघा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं माझं मी बघते. दिसतंय काय, तेवढं सांगा."

तेव्हा मला समजलं, त्यांना दिसत नव्हतं. मी डोळा लावला. फिकट गुलाबी चकत्याच चकत्या, आणि त्यांच्यात जांभळे ठिपके, काही अंगठीसारखे, काही स्वल्पविरामासारखे. एका गायीच्या एका थेंबात एवढं मोठं गाव. मी सांगत गेले, त्या डोळे मिटून ऐकत गेल्या. "त्योच," म्हणाल्या. "गोचिडीतनं येतो. पेशीत शिरला की अंगावरचं पांघरूण फेकतो, उघडा रसात बसतो. तोंडबिंड काय न्हाई, सगळ्या अंगानं पितो." आणि लेकीकडं वळून, "डॉक्टरला बोलव, थांबू नको."

डॉक्टर शिक्रापुरातून आले, स्वतः काच बघितली, मान हलवली आणि लगेच त्या तापाचं इंजेक्शन दिलं. पाचव्या दिवशी गायीनं सुनेच्या हातून हिरवा घास खाल्ला. सून गोठ्यातच खाली बसून रडली.

त्या संध्याकाळी विहीणबाईंनी गायीचा नवा थेंब घेऊन पुन्हा काच लावली आणि मायक्रोस्कोप माझ्याकडं सरकवला.

"आता न्हाई दिसत हो कुणी," मी म्हणाले.

"नीट शोधा. एखादा असंल."

एक होता, अगदी कडेच्या चकतीत. कसा बसलाय, अंगठी पूर्ण आहे की तुटकी, रंग किती गडद, सगळं त्यांनी विचारून घेतलं. खिडकीतलं ऊन कमी व्हायला लागलं, म्हणून मी काच काढायला हात घातला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "दिसतंय तवर सांगा अजून."