रुसलेला डावा सिलिंडर

"डावा मेलाय," एक किक मारून गॅरेजवाला म्हणाला, आणि हे त्याने माझ्या भावाकडे बघून सांगितलं. लालबागहून परळपर्यंत मोटरसायकल मी ढकलत आणली होती. किल्ली माझ्या हातात होती, घाम मला आला होता. भाऊ कानाला फोन लावून नुसता बाजूने चालत आला होता. पण सिलिंडर मेल्याची बातमी पुरुषालाच द्यायची असते.

"पाणी गेलंय आत. बोअर, पिस्टन, सगळं काढावं लागणार," तो पुढे म्हणाला. "जुनी टू-स्ट्रोक आहे साहेब, पार्ट मिळत नाहीत. कशाला डोक्याला ताप?"

"तुम्ही उघडून बघितलंत का?" मी विचारलं.

"आवाजावरून कळतं मॅडम."

गाडी उभी होती तशीच मी वळवली आणि परत निघाले. भाऊ मागून हाका मारत होता. मी काही थांबले नाही. मला राग आला की मी उत्तर देत नाही, चालू लागते. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाच आवडत नाही.

गाडी बाबांची. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर शिवडीला एका गोदामात ट्रकच्या दुरुस्तीला लागले, आणि तिथेच कुणाकडून तरी त्यांनी ही दोन सिलिंडरची मोटरसायकल जुनी म्हणून घेतली. माझ्या लहानपणच्या प्रत्येक आजारपणात, प्रत्येक परीक्षेला मी तिच्यावर बसून गेले आहे. मोठी झाल्यावर बाबांनी मला ती चालवायलाही शिकवली आणि उघडायलाही. भावाला शिकवायला ते तयार होते, पण त्याला हात काळे झालेले चालत नसत. बाबा जाऊन आता वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून गाडी चाळीच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होती, पन्हळीखाली.

आता चाळ पाडायची ठरली होती. नवीन इमारत होईपर्यंत आई आणि मी शिवडीला भाड्याच्या खोलीत जाणार होतो. काय न्यायचं आणि काय टाकायचं हे भाऊ डोंबिवलीहून येऊन ठरवत होता. तो सगळं जोरात ठरवतो. परळहून परत आल्यावर गाडीपाशी उभं राहून त्याने सांगून टाकलं, रविवारी रे रोडचा भंगारवाला टेम्पो घेऊन येतोय.

"आईला विचारलंस?" मी म्हटलं.

"आईसमोरच बोललो. ती काहीच बोलली नाही. म्हणजे तिलाही नकोय."

आई तोवर ठाकूरद्वारला मावशीकडे जाऊन राहिली होती, सामान हलवण्याच्या धुळीने तिला खोकला होतो म्हणून. आमच्या घरात आई गप्प बसली की त्याचा अर्थ आम्ही दोघं आपापल्या सोयीने लावतो.

"दोन्ही सिलिंडर चालले तर?" मी विचारलं.

तो हसला. "चालले तर ठेव तुझी गाडी. उराशी धरून बस."

एवढं मला पुरेसं होतं.

शनिवारी सकाळीच मी बाबांची पान्यांची पिशवी घेऊन मागच्या बाजूला जाऊन बसले. तळमजल्यावरचे काका दारातच दाढी करत होते. ते म्हणाले, "अगो, तू बँकेत काम करतेस ना? मग हे काय आरंभलंस? ही पुरुषांची कामं." मी म्हटलं, "काका, दाढी झाली की या. किक मारायला पाय हवाय." ते आले. त्यांनी आयुष्यात मोटरसायकल चालवली नव्हती, पण किक मारायला मिळतेय म्हटल्यावर गळ्यातल्या टॉवेलसकट आले.

बाबांच्या तोंडी सिलिंडर कधी मरायचा नाही. 'शिलिंदर' रुसायचा. "एक शिलिंदर रुसलो हा," असं म्हणून ते पाना बाजूला ठेवत आणि नुसते बसून ऐकत. मेलेल्याला पोचवतात, रुसलेल्याला विचारतात की बाबा रे, काय झालं. त्या गॅरेजवाल्याला मी हे सांगितलं असतं तर त्याने माझंही निदान आवाजावरूनच केलं असतं.

गाडी एका बाजूवर, लंगडत का होईना, चालू झाली. मी इंजिनातून निघणाऱ्या दोन्ही पाइपांवर पाण्याचे शिंतोडे उडवले. उजवीकडचं पाणी चर्र करून उडून गेलं. डावीकडचा थेंब आरामात ओघळून खाली पडला. मग रबरी मुठीच्या पकडीने उजव्या प्लगची टोपी ओढली; गाडी तिथल्या तिथे बंद. परत चालू केली आणि डाव्याची टोपी ओढली. गाडीला फरकच पडला नाही. म्हणजे डावा कामाला येत होता, पण हजेरी लावून बसून होता. एवढं गॅरेजवाल्याचं बरोबर होतं. पण तिथेच त्याचं संपलं होतं, आणि माझं सुरू होत होतं.

दोन्ही प्लग काढून अदलाबदल केली. रुसवा डावीकडेच राहिला, म्हणजे प्लगचा दोष नाही. डावा प्लग इंजिनाला टेकवून काकांना किक मारायला लावली. निळी ठिणगी. काकांनी मान डोलवली, जणू ती त्यांनीच पाडली होती. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला. पेट्रोल स्वच्छ आलं, त्यात पाण्याचा टिपूस नव्हता. मग शेवटी डाव्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला.

"मारा काका."

अंगठा फट्कन उडाला. उजवीकडे तसंच करून बघितलं. तेवढाच जोर. बोअर गेला असता, पिस्टन गेला असता, तर माझा अंगठा जागचा हलला नसता. मला इतका आनंद झाला आणि त्याच्याबरोबर इतका संताप आला, की मी तिथे जमिनीवर बसून मोठ्याने म्हणाले, "खोटारडा."

"कोण?" काका म्हणाले.

"परळचा."

पण संध्याकाळ झाली तरी डावा काही बोलेना. ठिणगी होती, पेट्रोल होतं, जोर होता. मी ठिणगीचे पॉइंट साफ केले, वायरी ओढून बघितल्या, केबल बघितली. काका कंटाळून वर गेले. गॅलरीतून कुणीतरी म्हणालं की आता सोडून दे. मी सोडून दिलं नाही, पण खरं सांगायचं तर रात्री जेवताना मला रडू येत होतं. गाडीसाठी नव्हे. बाबा मला जे शिकवून गेले ते एवढंच होतं की काय, आणि ते एवढ्यावरच संपणार की काय, याने.

रविवारी सकाळी परत खाली उतरले. भाऊ आईला ठाकूरद्वारहून घेऊन येणार होता आणि टेम्पो त्याच्या मागोमाग. मी गाडी चालू केली आणि या वेळी कुठेच हात न लावता मागे जाऊन उकिडवी बसले. बाबा बसायचे तशी. आत काय जातंय ते सगळं मी बघितलं होतं. बाहेर काय येतंय ते बघितलंच नव्हतं. उजव्या सायलेन्सरमागे तळहात धरला. हवेच्या चापट्या बसत होत्या. डाव्यामागे धरला. नुसता कोमट श्वास.

डावा सिलिंडर ठणठणीत होता. त्याचं तोंड कुणीतरी दाबून धरलं होतं.

गाडी बंद केली, डाव्या सायलेन्सरच्या शेपटाचा स्क्रू काढला आणि आतली नळी पकडीने ओढून बाहेर काढली. तिच्यात पार आत काहीतरी ठासून भरलेलं होतं. कपड्यांच्या दोरीची तार वाकवून आकडा केला आणि खेचू लागले. त्याच वेळी मागून भावाचा आवाज आला. "झालं का समाधान? टेम्पो नाक्यावर आलाय." मी मान वर केली नाही. तेलाने काळा झालेला कापडाचा पिळा इंचाइंचाने बाहेर येत होता, आणि एका टोकाला, जिथे तेल पोचलं नव्हतं, तिथे हिरवा काठ दिसला. हा काठ मला ठाऊक होता. आईचं घरात नेसायचं पातळ.

आई भावाच्या मागेच उभी होती, हातात मावशीने दिलेली पिशवी.

"तो बोळो मीच घातलंय," ती म्हणाली.

मी तार खाली ठेवली.

"हय पन्हळीचा पाणी पडता नाय, डाव्या अंगाक. आत जायत म्हणान घातलंय. लाटण्यान ठासून घातलंय, नायतर उंदीर ओढून नेतत." मग म्हणाली, "तुझ्या बापाशीन इतकी वर्सां जपल्यान. मी ती पाण्यात घालू?"

"अगं, मग त्या दिवशी बोलली का नाहीस?" भाऊ म्हणाला. "मी भंगारात द्यायचं म्हणत होतो, तू समोर बसली होतीस."

"माका कोणी इचारल्यान?"

त्याने विचारलं नव्हतं. मीही नाही; गाडीसाठी मी गॅरेजवाल्याशी भांडले, भावाशी भांडले, पण ठाकूरद्वारला एक फोन काही केला नव्हता.

मी नळी परत बसवली, स्क्रू आवळला आणि किक मारली. पहिल्या किकला थोडा काळा धूर निघाला, आणि मग दोन्ही बाजू एकदम बोलू लागल्या. तो आवाज बाबा गेल्यापासून चाळीने ऐकला नव्हता. वर गॅलरीत दारं उघडली. काका टॉवेल खांद्यावर टाकून धावत खाली आले आणि भावाला सांगू लागले की किक त्यांनीच मारली होती. मी पाण्याचा थेंब डाव्या पाइपवर टाकला. चर्र. भाऊ सगळं बघत होता. मी नुसती गाडी चालू ठेवली.

टेम्पोवाला आत येऊन विचारत होता, कुठली गाडी न्यायची आहे. भावाने आईकडे बघितलं. या वेळी त्याने खरंच विचारलं, "आई, काय करायचं?"

आई त्याला ओलांडून माझ्यापाशी आली आणि हात पुढे केला.

"तो बोळो हकडे दी," ती म्हणाली. "धुवन ठेवतंय. पुढच्या पावसाक लागतलो."