दुखण्याच्या पिलावळीशी झुंजणारे डॉक्टर मोकाशी

डॉक्टर सदाशिवराव मोकाशी यांची नि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. कोल्हापूर संस्थान विलीन होण्याच्या थोडे आधीची ही गोष्ट. माझी पत्नी सौ. अनसूया हिच्या अंगाला कित्येक महिने खाज सुटली होती. तळहात, तळपाय खाजवून खाजवून सोलून निघाले होते. पुढे डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा राधानगरीकडच्या तिच्या माहेरच्यांनी काविळीवाल्याला गाठून तिच्या गळ्यात मुळ्यांची माळ घातली आणि मनगटावर डाग दिले. माळ लांबत गेली की कावीळ उतरते म्हणतात. माळ बेंबीपर्यंत आली, कावीळ होती तिथेच राहिली. शेवटी त्या माळेसकट मी तिला शाहूपुरीत डॉक्टरांच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी बराच वेळ पोट चाचपून पाहिले. आपल्याकडची रीत अशी, की वाईट दुखणे रोग्याला सांगायचे नाही. ते दाराबाहेर नातलगाच्या कानात सांगायचे. त्या रीतीने मी डोळ्यांनी खुणावले, "जरा बाहेर बोलू या का?"

"मास्तर, दुखणं यांना झालंय. बाहेर कशाला?" असे म्हणून डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "बाई, यकृतातनं पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या बुजत चालल्यात असं मला दिसतं. मिरजेला पोट उघडून बघू. खडा अडकला असला तर सुटलात. नसला, तर मूळ दुखणं माझ्या हातात नाही. त्याची पिलावळ मात्र एकामागून एक येत राहील, तिच्याशी आपण भांडू."

हा डॉक्टर आहे की कोण, असे मी मनात म्हटले. अनसूया मात्र रस्त्यात म्हणाली, "ब्येस झालं बगा. इतक्या दिसांत कुनीतरी माज्यासंगं बोललं."

मिरजेला खडा निघाला नाही. पोटात खडा नाही म्हणून रडणारी माणसे जगात आम्हीच असू.

डॉक्टरांच्या साठीनिमित्त नेमलेल्या गौरव-समितीने मला त्यांच्या यशस्वी उपचारांचे प्रसंग लिहायला सांगितले आहे. समितीचा मान राखून सांगतो, माझ्याजवळ तसा प्रसंग नाही. जे आहे ते लिहितो. छापायचे की नाही, हे समितीने ठरवावे.

माझे मेहुणे गणपतराव पैलवान. कोल्हापुरात अशक्तपणावर औषध एकच, म्हशीचे धारोष्ण दूध. त्यावर वाटीभर तूप. गणपतराव रोज सकाळी चरवी घेऊन हजर. "आक्का, एका दमात पी. हाडं बग कशी वर आल्यात!" ती बिचारी भावाच्या मायेखातर पीत असे आणि दिवसभर पोट धरून बसत असे. माणूस खंगत चालले. दिवेलागणीला तिला उंबरा दिसेनासा झाला. भिंत चाचपत चालू लागली. एकदा नुसती कळशी उचलताना बरगडी मोडली.

हे कळताच डॉक्टर स्वतः तालमीत गेले. मीही बरोबर होतो. लंगोट लावलेल्या त्या धिप्पाड माणसापुढे आमचे काडीपैलवान डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, "पैलवान, तुपाचा डाग पडलेलं धोतर नुसत्या पाण्यानं निघतं काय हो?"

"न्हाय. साबन लागतो की."

"पोटात पित्त हा तूप धुणारा साबण. तुमच्या बहिणीच्या आतड्यात तो उतरतच नाही. तुम्ही पाजलेलं तूप तसंच वाहून जातंय, आणि जाताना तिच्या डोळ्यांचं नि हाडांचं सत्त्व बरोबर नेतंय."

पैलवान आखाड्याच्या मातीत मटकन बसले. "म्हंजी म्या घातलं व्हय माज्या भनीला खड्ड्यात?" डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही नाही. दुखण्यानं. तुम्ही फक्त चरवी बदला." दुसऱ्या दिवसापासून चरवीत लोणी काढलेले पातळ ताक येऊ लागले. तुपाबरोबर वाहून जाणारी जीवनसत्त्वे डॉक्टर सुया टोचून देऊ लागले. दिवेलागणीला उंबरा पुन्हा दिसू लागला. खाज मात्र गेली नाही. पिठाच्या गार पाण्याने अंग पुसायचे, सुती जुनेर नेसायचे, तेवढाच आराम.

त्या खाजेने आणखी एक केले. शेजारणींना वाटले, ही खरूज आहे, लागते. चैत्रातल्या हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. डॉक्टरांना हे मी सांगितले नव्हते. कुठून कळले कोण जाणे. एका रविवारी ते सपत्नीक आले आणि आत न येता बाहेरच्या सोप्यावरच, गल्लीला दिसेल असे बसले. "बाई, चहा करा. तुमच्याच हातचा पाहिजे." दोघांनीही चहा बशीत ओतून सावकाश घेतला. डॉक्टरांच्या पत्नीने अनसूयेचा तो सोललेला हात हातात घेऊन तिच्याकडून कुंकू लावून घेतले. डॉक्टर मोठे आहेत ते मला त्या दिवशी कळले. पुढच्या वर्षी बोलावणी आली.

पण पिलावळ यायची थांबेना. पोटात पाणी होऊ लागले. आम्हांला मूलबाळ नाही. पोट दिसू लागले तेव्हा गल्लीतल्या एका म्हातारीने आनंदाने विचारले, "अनसू, बातमी हाय व्हय गं?" अनसूया हसली, "व्हय की मावशे, पान्याची हाय." घरात येऊन ती किती रडली ते मी सांगत नाही. डॉक्टरांनी मीठ तोडले. तांबड्या रश्श्याच्या गावात आळणी भाकरी! पाणी फारच चढले की डॉक्टर पोटात सुई घालून ते बादलीत काढत. चार दिवस तिला श्वास मोकळा घेता येई, मग पुन्हा भरे. ही गळकी नाव उपसण्याचीच गत.

गेल्या पावसाळ्यात रक्ताची उलटी झाली. गणपतरावांचे रक्त तिला दिले. त्यातून ती वाचली, पण मला ओळखेना. माझ्याकडे टक लावून अगदी अदबीने म्हणाली, "पावणं, कुटल्या गावचं म्हनायचं तुमी?" मी वेड्यासारखा गावाचे नाव सांगत राहिलो. संसार जिच्याशी केला, तिने मला पाहुणा केले. डॉक्टर म्हणाले, पोटात साठलेले रक्त नासून त्याचे विष मेंदूत चढले आहे, यकृताला ते आता गाळता येत नाही. त्यांनी पोट साफ केले, दूध-डाळही बंद करून साखरपाण्यावर ठेवले, मुंबईहून नवे औषध मागवले आणि खाटेजवळून हलले नाहीत. ती शुद्धीवर आली आणि मला म्हणाली, "दाढी करा की, काय ह्यो अवतार!" मी दाराआड जाऊन हुंदके दिले.

त्या दिवशी हात धुताना डॉक्टर मला म्हणाले, "मास्तर, या दुखण्यानं मला एकदाही पुढं जाऊ दिलं नाही. मी आपला मागनं पळतोय." धीराचे खोटे शब्द त्यांच्या तोंडून कधी आले नाहीत, त्या दिवशीही नाहीत. मग ते खाटेजवळ गेले, आणि तिने विचारले तेव्हा पुढचा पावसाळा दिसणे कठीण आहे, हेही त्यांनी तिला सांगितले. माझ्या देखत. मी काही त्यांना थांबवले नाही.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. आज डोके ठिकाणावर होते. "काय लिवतायसा?" म्हणाली. मी वाचून दाखवले. शेवटी डॉक्टरांना दीर्घायुष्य चिंतायचे असते, ते कसे लिहावे सुचत नाही, असे म्हणालो.

"मग माज्या नावानं लिवा," ती म्हणाली. "माजं उरल्यालं आयुष्य त्येनला मिळू दे."

मी चिडलो. म्हटले, असले काही मी लिहिणार नाही. खरे सांगायचे तर त्या उरलेल्यावर माझा डोळा होता. मला न विचारता तिने ते देऊन टाकले.

"आवो, किती उरलंय त्ये त्येनीच सांगितलंय की मला. वाईच हाय, पर माजं हाय. दिल्यालं परत घेत्यात व्हय? लिवा."

तेव्हा डॉक्टरसाहेब, साठाव्या वर्षी आपणांस उदंड आयुरारोग्य चिंतणारे पुष्कळ आहेत. त्यांचे शब्द खरे होवोत. त्यात सौ. अनसूयेचे हे एवढेसे मिळवून घ्यावे. ते किती थोडे आहे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक नाही. तरी नको म्हणू नये.