जांभळ्या झालेल्या लिंका

माझ्या नवऱ्याला कुठलीही वस्तू एकाच दुकानात बघून घेता यायची नाही. सैन्यातून आल्यावर सतरा वर्षं त्यांनी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळलं. तिथला नियम असा, की साधे नट-बोल्ट घ्यायचे असले तरी तीन कोटेशन हवीत. नियम तिथंच ठेवून माणसानं घरी यावं की नाही? पण नाही. मिक्सर घेताना तीन दुकानं, चष्म्याची फ्रेम घेताना तीन दुकानं. हळद घेताना तर दर दुकानात चिमूटभर तळहातावर चोळून नाकाशी धरायचे, आणि मी पिशवी घेऊन मागं उभी. मी आटपाडीची. जे मिळालं ते घेऊन घरी यायची आमच्याकडं सवय, आणि हे कऱ्हाडकडचे ऊसवाले. मी चिडले की म्हणायचे, "तुमच्याकडं निवडायला हुतं काय? कुसळं न्हाईतर दगडं."

म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर एकामागून एक ब्राउझर घालून बघायला सुरुवात केली, तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट मला ते हवंच होतं. का हवं होतं ते सांगायचं तर आधी दवाखान्यातलं सांगायला हवं.

त्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं होतं. हे बाहेर बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसलेले. यकृताचा कॅन्सर, बराच पुढं गेलेला, ऑपरेशन होण्यासारखं नाही, असं डॉक्टर हळू आवाजात बोलले. मग म्हणाले, "त्यांना लगेच काही सांगू नका. पेशंट खचतात." मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडं अशीच रीत आहे. आजाराचं नाव घरातल्या सगळ्यांना कळतं, भावकीला कळतं, ज्याला आजार आहे त्याला तेवढं सांगत नाहीत. माझे वडील असेच गेले, आणि त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही याचं आम्हाला वर कौतुक होतं. तेव्हा मी बाहेर येऊन पदरानं तोंड पुसलं आणि यांना म्हटलं, "लिवरला सूज हाय म्हणत्यात. गोळ्यांनी उतरंल."

"व्हय?" ते म्हणाले, फाइल काखेत मारली आणि गाडी काढायला गेले.

फाइल सगळी इंग्रजीत होती. सतरा वर्षं इंग्रजी चलनं आणि लेबलं वाचलेल्या माणसाच्या काखेत ती देऊन मी निर्धास्त होते. पुरुष माणूस असलं काही वाचत बसत नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळेची माहिती ऑनलाइन भरायला म्हणून तो कॉम्प्युटर घेतलेला. संध्याकाळी हे नदीवर फिरायला गेले की मी त्यावर यकृत, गाठ, काय खावं, किती दिवस, असं एकेक शोधायला लागले. मुलीनं पुण्याहून फोनवर बजावलं होतं, "आई, बाबांना दिसेल. हिस्ट्री पुसत जा." शाळेत फळा पुसावा तशी मी ती रोज न चुकता पुसायची. पण जाहिरातींचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एक दिवस बातम्या उघडल्या तर बाजूला कुठल्याशा हॉस्पिटलची जाहिरात, त्यात तपकिरी रंगाचं यकृत काढलेलं आणि खाली लिहिलेलं, 'वेळ अजून गेलेली नाही.' मुगाच्या धिरड्याची कृती उघडली तर पिठाच्या आणि मिठाच्या मधे यकृतावरच्या चूर्णाची जाहिरात. चहाचा कप घेऊन हे मागं आले की माझी तारांबळ उडायची. हे सगळं आपल्या शोधण्यानं झालं, आता यांना कळणार, हीच भीती सारखी मनात.

आणि अशात एका सकाळी हेच म्हणाले, "ह्याच्यात जाहिराती लय यायला लागल्यात. दुसरा ब्राउझर बगूया का?"

मला देव पावल्यासारखं झालं. "बगा की," मी म्हटलं, "शाळंचा फॉर्मबी अडकतोय ह्याच्यात." फॉर्म मुळीच अडकत नव्हता.

मग तीन कोटेशन सुरू झाली. त्यांनी दीडशे पानी वही काढली, पट्टीनं रकाने आखले. उघडायला वेळ, जाहिराती, मराठी अक्षर, प्रिंट. घरात होता तो पहिला. दुसरा एका मित्रानं सांगितलेला, जाहिराती अडवणारा. बातम्यांचं एकच पान आधी पहिल्यात उघडायचं, मग दुसऱ्यात, आणि मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजायचे. मी पोळ्या टाकून मागं उभी राहायची. दुसऱ्यात पान खरंच लख्ख दिसायचं, झाडून काढलेल्या अंगणासारखं. "बग, एकबी न्हाई," ते म्हणायचे. मी म्हणायची, "पर शाळंचा फॉर्म अर्धाच दिसतोय." ते रकान्यात तसं लिहून घ्यायचे. घड्याळ बघायला हात वर केला की पट्टा घसरून पार कोपराकडं जायचा. मी ते बघायची.

लाज वाटते सांगायला, पण ते दहा-पंधरा दिवस फार चांगले गेले. इतके आम्ही शेजारी शेजारी कधी बसलो नव्हतो.

पुढच्या तपासणीला डॉक्टर मला म्हणाले, पोटात पाणी व्हायला लागलंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे नदीवर गेल्यावर मी नव्या ब्राउझरमध्ये 'पोटात पाणी होणे यकृत कॅन्सर' असं टाइप केलं. उत्तरांची यादी आली. एकदा उघडलेली लिंक निळ्याची जांभळी होते, हे मी शाळेत मुलांनाही शिकवलेलं आहे. त्या यादीत पहिली लिंक जांभळी. दुसरी जांभळी. मला वाटलं, मीच कधी उघडल्या असतील. पण या ब्राउझरमध्ये मी शाळेचा फॉर्म आणि बातम्या यापलीकडं काही बघितलं नव्हतं. खाली खाली गेले. पाणी का होतं, ते किती वेळा काढता येतं, शेवटी शुद्ध राहते का, वेदना होतात का. सगळ्या जांभळ्या. पुढचं पान उघडलं, त्यातल्याही एक सोडून सगळ्या जांभळ्या. घरात माणसं दोनच.

मी खुर्चीत बसून राहिले. मला रडू आलं नाही, आधी राग आला. डॉक्टरचा, माझा, त्यांचाही. मग उमगलं, की माझ्या नकळत रोज दुपारी, मी शाळेत असताना, हा माणूस याच खुर्चीत बसून हे सगळं एकटा वाचत होता. त्या जाहिराती माझ्या एकटीच्या शोधण्यानं येत नव्हत्या. आणि मी त्यांच्यापासून जे लपवत होते, तेच ते माझ्यापासून लपवायला ब्राउझर बदलत होते. रोज संध्याकाळी हिस्ट्री कोरी झालेली बघून, माझंही सगळं त्यांना केव्हाच कळलं असणार.

त्या यादीत एकच लिंक निळी होती. रुग्णाच्या नातेवाइकांनी रुग्णाशी कसं बोलावं, यावरचा लेख. तो त्यांच्यासाठी नव्हता, म्हणून त्यांनी उघडला नसावा. मी उघडला. चांगला होता लेख. खोटा धीर देऊ नका, असं त्यात होतं. विषय आपण लादू नका, रुग्ण स्वतः बोलेल तेव्हा त्याचं ऐका, तोवर जवळ बसा, असंही होतं. वाचून झाल्यावर रोजच्या सवयीनं माझा हात हिस्ट्री पुसायला गेला आणि मी तो मागं घेतला. म्हटलं, राहू दे. उद्या दुपारी त्यांना ही लिंक जांभळी झालेली दिसेल. त्यांना कळेल की मला कळलंय. तोंडानं सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं, तेवढं त्या लिंकेवर सोपवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझं चित्त नव्हतं. आज घरी गेल्यावर ते बोलतील, काय बोलतील, आपण रडायचं नाही, असं मी दिवसभर घोकत होते. साडेपाचला घरी आले तर हे कॉम्प्युटरपुढंच बसलेले. वही उघडी.

"तो दुसरा काढून टाकला," ते म्हणाले. "हा तिसरा घातलाय. बग जरा."

"का? चांगला चालत हुता की."

"मराठी अक्षर नीट दिसत न्हवतं त्यात."

अक्षर उत्तम दिसत होतं. त्यांनीच रकान्यात तसं लिहिलेलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले आणि ते पडद्याकडं. तिसऱ्या ब्राउझरमध्ये बटणं कुठं आहेत, अक्षर मोठं कसं करायचं, ते मला बोट लावून दाखवत होते. दुसऱ्याबरोबर त्यातल्या जांभळ्या लिंकाही गेल्या होत्या. मी घेतला तो अर्थ असा, की यांना हा विषय नको आहे. दिवसभर साठवलेलं सगळं माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "पुरं झाली तुमची कोटेशनं," मी ओरडले. "दिवसभर शाळंत मरायचं आन् घरी आल्यावर हे खेळ बगायचे." त्यांनी वही मिटली, "बरं," म्हणाले आणि उठून चप्पल घालून बाहेर गेले. वहीत त्यानंतर एकही रकाना भरलेला नाही.

तिसरा ब्राउझर तसाच राहिला. मी अधूनमधून त्यात तेच शब्द टाकून यादी बघायची. सगळ्या लिंका निळ्या. त्यांनी वाचायचं सोडलं की तेही आता पुसायला शिकले, मला माहीत नाही. मी मात्र जवळ बसायची. लेखात सांगितलं होतं तशी वाट बघायची. ते टीव्ही बघायचे, मी वह्या तपासायची. ते काही बोलायला तोंड उघडतील आणि आपण कुकरपाशी असू, या भीतीनं मी स्वयंपाकघरातून सारखी बाहेर डोकावायची. ते विचारायचे, "काय गं?" मी म्हणायची, "काय न्हाई."

पोट फुगलं, पाय सुजले, आणि दिवाळीनंतर त्यांना सांगलीच्या हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. मुलगी रजा काढून आली होती. एक दिवस सकाळी ती डबा आणायला घरी गेली, खोलीत आम्ही दोघंच होतो. सलाईन चालू होतं. ते डोळे मिटून पडले होते, झोपलेत असं मला वाटलं.

"ब्राउझर कसा चाललाय?" त्यांनी विचारलं.

"चांगला हाय."

"जाहिराती?"

"एकबी येत न्हाई."

मग डोळे न उघडता म्हणाले, "ती लिंक मी वाचली गं. तू उघडलेली. समदी वाचली."

मी खुर्चीची कड घट्ट धरली.

"त्यात लिवलं हुतं, पेशंट बोलंल तवा ऐकावं." त्यांना धाप लागली. "तू वाट बगत हुतीस, कळत हुतं मला. पर मला सुरवातच जमली न्हाई."

म्हणजे ती सुरुवात होती. माझ्यासाठी जमवून, धाप लागली असताना, त्यांनी ती केली होती. आता ऐकायचं होतं, विचारायचं होतं, मलाही भीती वाटते असं सांगायचं होतं. एवढे महिने मी त्याचीच वाट बघितली होती. आणि माझ्या तोंडून आलं ते असं, "पाणी देऊ का?"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

"दे," ते म्हणाले.

मी दोन चमचे पाणी पाजलं, ओठ पुसले, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि म्हटलं, "लय बोलू नगासा. झोपा आता." ते झोपले. दुपारी भावकीतली माणसं आली, संध्याकाळी शुद्ध गेली, ती परत आली नाही.