खाचरातली परिमिती

"मॅडम, माज्या शेतात चुना कुनाच्या सांगन्यावरून टाकला?"

काशिनाथदादा वर्गाच्या दारात उभे होते. पायात चपला तशाच. एरवी ते शाळेत चपला बाहेर काढून येत. त्या चपला पाहूनच मी खडू खाली ठेवला. मागे अंगणात अर्धं गाव जमलं होतं.

ही माझ्या पहिल्या नेमणुकीची गोष्ट. भिवंडीहून दिघाशीकडे जाताना आत वळलं की लागणारं एक लहान गाव. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, चौथीपर्यंत. कुंपण नव्हतं. अंगण संपलं की थेट काशिनाथदादांचं भाताचं खाचर.

चौथीला परिमिती आणि क्षेत्रफळ असतं. परिमिती म्हणजे जागेच्या कडेकडेने चालत एक फेरी मारली तर होणारं अंतर. क्षेत्रफळ म्हणजे त्या कडेच्या आत मावलेली जागा. पुस्तकात त्यासाठी चौकटी छापल्या आहेत. मुलं चौकटी मोजायची, उत्तर बरोबर यायचं, पण ते कशाचं उत्तर आहे हे एकालाही सांगता यायचं नाही. म्हणून मी वर्ग बाहेर न्यायचे. बेरीज चिंचोक्यांवर, दिशा सावलीवरून, आणि कापणी होऊन रिकाम्या पडलेल्या खाचरात परिमिती. आदल्या दिवशी आम्ही टेप लावली, खुंट्या ठोकल्या आणि कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी फक्की कडेने टाकली. मुलं धसकटं चुकवत रेघेवरून पळत होती. वाळल्या भाताचा तो गोडसर वास मला अजून आठवतो.

आमच्या भागात शेतात टेप, खुंटी आणि पांढरी रेघ दिसली की तिचा अर्थ एकच. मोजणी झाली. आधी रेघ, मग मातीचा भराव, मग पत्र्याचं गोडाऊन. कशेळीकडून भिवंडीला येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेच दिसतं. त्या गोडाऊनांखाली एकेकाळी खाचरंच होती.

"दादा, तो गणिताचा तास होता," मी म्हणाले.

"गनित फळ्यावर असतंय. शेतात मोजनी असते."

मागून एक बाई बोलली, "पोरांच्या हातून मोजून घेतली. मोठी मानसं पाठवली असती तर आमाला कळलं असतं ना, म्हनून."

मी पेटले. माझे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते, युनियनचं काम करायचे. घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. कष्टकऱ्याची जमीन कोण आणि कशी लाटतं, हे मी पाढ्यांच्या आधी वाचलं होतं. आणि आता गाव मलाच गोडाऊनवाल्यांची माणूस ठरवत होतं.

दुपारपर्यंत तक्रार वर पोचली. केंद्रप्रमुखांचा, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या साहेबांचा, फोन आला. "मॅडम, कशाला लफडं? पोरांना वर्गात बसवा, पोर्शन संपवा."

आमचे हेडसर शिर्के शांत माणूस. ते म्हणाले, "शनिवारी पालकांची मीटिंग घेतो. गाव हो म्हणालं तर साहेबांना मी सांभाळतो. नाही म्हणालं तर बाहेरचे तास बंद. मग चौकटीच."

शनिवारसाठी मी भाषण तयार केलं. शिक्षणाचा हक्क, मातीशी नातं, सगळं. दुसऱ्याच वाक्याला काशिनाथदादांनी हात वर केला. "मॅडम, भाषनं आमी निवडनुकीत ऐकतो. पोरं काय शिकली ते दावा. पन खुंटी न्हाय, टेप न्हाय, आनि ते पांढरं तर आजिबात न्हाय."

आता मोजायचं कशाने? तेवढ्यात चौथीतली दीक्षा म्हणाली, "मॅडम, खुंट्या कशाला? आमी उभं ऱ्हातो ना."

चार कोपऱ्यांवर चार मुलं उभी राहिली. टेपऐवजी दादांच्याच गोठ्यातलं दावं मागून घेतलं. मीटरपट्टी लावून त्याला गाठी मारल्या. गाव बांधावर बसलं. दीक्षा गाठी मोजत निघाली आणि मध्येच ओरडली, "मॅडम, ओंकार हलला. परिमिती बदलली."

"मुंगी चावली गं," कोपऱ्यातून ओंकार म्हणाला. बांधावर पहिल्यांदा हसू फुटलं.

दीक्षाने लांबी-रुंदीचा गुणाकार करून क्षेत्रफळ सांगितलं. काशिनाथदादांनी ते ऐकून घेतलं आणि बांधाकडे बोट केलं. "आनि हा कोपरा तिरका हाय तो? तो धरला काय?"

दीक्षाने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तिरकं आमाला न्हाय. ते वरच्या वर्गात हाय."

"मंग माजी जमीन अर्दीच शिकली म्हना की," दादा म्हणाले. तेही हसत होते. उठताना त्यांनी निकाल दिला. "ह्या खाचरात या. आदी सांगून या. वरच्या खाचरात वाल पेरलाय, तिकडं पाय टाकायचा न्हाय."

मी तिथे होते तोवर परिमिती त्याच खाचरात शिकवली. दरवर्षी कोपऱ्यांवर नवी मुलं. दरवर्षी कोणीतरी हलायचंच. आता माझी शाळा शहरात आहे. पटांगणात पेव्हर ब्लॉक, भिंतीपलीकडे लूमची खडखड, आणि मुलं विचारतात, "टीचर, बाहर कब जायेंगे?" पेव्हर ब्लॉकवर चौरस मोजायला सोपे जातात, हे खरं. पण इथे पायाला काही टोचत नाही आणि बांधावर बसून कोणी खोचक प्रश्न विचारत नाही.

बदलीच्या वेळी माझ्या जागी आलेल्या मॅडमना मी चार्ज दिला. त्या उत्साही होत्या. म्हणाल्या, "मीही मुलांना बाहेरच शिकवणार." मी म्हटलं, "जरूर शिकवा. फक्त बाहेर म्हणजे कोणाचं तरी शेत असतं. आधी त्याला विचारा." डी.एड.च्या अभ्यासक्रमात हे नव्हतं.