डाळीच्या डब्यातली किल्ली

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी दुपारी सव्वादोनला माझ्या सासूबाई एकट्या गाडी घेऊन बाहेर पडल्या. काचबिंदूमुळे उजव्या कडेचं दिसत नाही, आता गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याला पाच दिवस झाले होते.

सासूबाई अमेरिकन, त्र्याऐंशी वर्षांच्या. जन्म, लग्न, वैधव्य, सगळं आयोवातल्या याच गावात. गावात एक सिग्नल आणि तीन चर्च. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. थोरला मुलगा दूर चँडलर शहरात इंजिनिअर, धाकटा माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्याकडे राहायला आलो.

पहिल्याच आठवड्यात दुकानात निघताना मी सवयीने "येते" म्हणाले. त्यांनी अर्थ विचारला.

"निघालीस, आणि म्हणतेस येते? काय ते एकदा ठरव."

घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, परत यायचं असतं, असं मी सांगितलं.

"आणि घरातल्यांनी काय म्हणायचं?"

"‘या’ म्हणायचं."

तेव्हापासून रस्त्याकडेच्या आमच्या पत्रपेटीपर्यंत जातानाही त्या "येटे" म्हणायच्या आणि माझं "या" ऐकू येईपर्यंत दारात उभ्या राहायच्या.

डॉक्टरांकडून आल्यावर नवऱ्याने गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. मी ती तूरडाळीच्या डब्यात ठेवली. त्या डब्याला त्या कधी हात लावत नसत. पाच दिवस त्या घरभर फिरत होत्या. खिडकी, गॅरेजचं दार, पुन्हा खिडकी. "आता मला जिथे-तिथे पार्सलसारखं नेऊन सोडणार," एवढंच एकदा म्हणाल्या.

मंगळवारी मी लॅपटॉपवर काम करत होते. मागून "येटे" ऐकू आलं. मान वर न करता मी "या" म्हटलं. मग गॅरेजचं दार वर सरकल्याचा आवाज आला.

डाळीच्या डब्यात किल्ली नव्हती. मी नवऱ्याला फोन केला.

"तू तिला जाऊ दिलंस?"

"त्या ‘येते’ म्हणाल्या."

"मग?"

"मी ‘या’ म्हणाले."

"वा! वाटेत खायला डबा नाही दिलास?"

तो शोधायला निघाला. मी शेरीफच्या ऑफिसला कळवलं. चँडलरहून दिरांचे तीन फोन आले. अडीचला पेट्रोल पंपावरच्या बाईंनी त्यांना उत्तरेकडे जाताना पाहिलं होतं. पावणेतीनला एका शेतकऱ्याचा फोन आला: सासूबाई त्याच्या फाटकासमोर दिवे लुकलुकत ठेवून थांबल्या होत्या, त्याने हात केला, तशा पुढे गेल्या. दुसरा फोनही तसाच. ती दोन्ही फाटकं त्यांच्या शाळेच्या बसचे जुने थांबे होते. नवरा थेट शेवटच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला.

त्या तिथे पोचताच त्याने किल्ली मागितली.

"फेरी अर्ध्यावर सोडत नाहीत," त्या म्हणाल्या. "तू मागून ये. आणि अंतर ठेव."

चार वाजून दहा मिनिटांनी दोन्ही गाड्या घरी आल्या. पुढच्या गाडीचा उजवा आरसा नव्हता. सासूबाई आत आल्या, डबा उघडून किल्ली डाळीत खोल खुपसली आणि झाकण लावलं.

"सातव्या थांब्याची पत्रपेटी मला दिसलीच नाही," त्या म्हणाल्या. नंतर, कोट काढता काढता, "उद्या दहाला केस कापायला जायचंय. तू नेशील?"

बुधवारी सकाळी जाताना आम्ही सातव्या थांब्यावरून गेलो. आरसा गवतात सापडला. पत्रपेटीचा खांब रस्त्याच्या उलट्या बाजूला कलला होता.