काळजातलं तांबं

मेडिकल कॉलेजातून आलेली मुलगी महाराष्ट्रातली. तिचं मराठी इस्त्री केलेलं, आमचं निम्मं कन्नडात बुडवलेलं. ती म्हणाली, तुमच्या बहिणीच्या यकृताचा एक बारीक तुकडा आमच्याकडे मेणात जपून ठेवलाय. यकृत म्हणजे लिव्हर, असा खुलासा तिने केला तेव्हा मी म्हटलं, मग काळीज म्हण की सरळ. पुस्तकांतलं काळीज तुटतं, थरथरतं. पिढ्यांमागे म्हैसूरच्या राजाच्या फौजेत आलेल्या आम्हा मराठ्यांच्या घरी मात्र ते रविवारी कांद्यावर परततात.

बहीण जाऊन पन्नासएक वर्षं झाली. सतराची होती. मी एकोणीसची, घरात कॉलेजला जाणारी पहिली, म्हणजे सर्वज्ञ. तिच्या हातात कपबशी वाजायला लागली, जीभ जड झाली, तेव्हा निदान मीच केलं होतं: कामचुकारपणा. मैत्रिणींसमोर तिची नक्कल करायचे. छान करायचे, अजूनही जमेल.

मग तिचे डोळे पिवळे झाले, तोंड सुकलं. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, रक्त कमी आहे, काळीज खायला घाला. बाबा लष्कर मोहल्ल्यातून मटण आणायचे, त्यात आम्हा दोघींना काळजाचे दोन-दोन तुकडे. मला ते जिवापाड आवडायचे. पण नकलांचं पाप डोक्यावर होतं ना, म्हणून दर रविवारी चेहरा साध्वीसारखा करून माझे तुकडे तिच्या ताटात सरकवायचे.

"अक्का, तुला नको?"

"सुम्ने खा," मी म्हणायचे. गप खा, एवढाच अर्थ.

शेवटी डॉक्टरांनी सुई घालून तुकडा काढला, तेव्हा कळलं. जन्मापासून तिच्या शरीराला तांबं बाहेर टाकताच येत नव्हतं. ते काळजात साठलं, मग मेंदूत. या दुखण्यात सगळ्यात आधी खायचं बंद करायचं ते काळीजच, त्यात तांबं भरपूर. आयुष्यात मी एकच त्याग केला, तो असा.

त्या मुलीला आता त्या तुकड्याचा नकाशा काढायचा होता, तांबं कुठे किती बसलंय त्याचा. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचा, लेसरने ठिपका ठिपका जाळत जायचं आणि उडालेल्या धुरातलं तांबं मोजायचं. मी विचारलं, काप मागे उरेल का? नाही उरत आजी, ती म्हणाली. म्हणून तर विचारायला आले.

मी सही केली. विज्ञानासाठी वगैरे नाही. त्यात माझे रविवार दिसतात का, ते मला बघायचं होतं.

दोन महिन्यांनी ती लॅपटॉप घेऊन आली. जिथे तांबं कमी तिथे निळं, वाढेल तसं पिवळं, फार तिथे लाल. बेटांसारखे लाल पुंजके, मधे निळ्या गल्ल्या. मी चष्मा पुसून घेतला आणि तिला ताटांची सगळी गोष्ट सांगितली. मग विचारलं, यातलं माझं कुठलं?

ती म्हणाली, "वेगळं काढता येत नाही, आजी. पाण्यातलं, डाळीतलं, काळजातलं, आत गेलं की सगळं एकच. हे सतरा वर्षांचं आहे. तुमच्या थोड्या रविवारांनी ती गेली नाही."

हे ऐकायला मी पन्नास वर्षं थांबले होते. हायसं वाटायला हवं होतं, वाटलंही, घोटभर. पण दुसऱ्याच क्षणी मी पुन्हा त्या लाल ठिपक्यांत शोधायला लागले. विष तर विष, पण मी दिलेलं काहीतरी तिच्याजवळ उरलेलं असावं, असं वाटत होतं. बघा, अक्कल अजून एकोणिसातच आहे.

मुलगी लॅपटॉप मिटायला लागली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, जरा मोठं करून दाखव.